मामांचा बंधारा

वेल्ह्याजवळ मामांच्या शेतात आजोबांनी घातलेला मातीचा बंधारा आहे. परवा गवंड्याची लेव्हलची नळी आणि टेप घेऊन आम्ही तो मोजला. उंची साडेसहा मीटर. मामा खूश! "म्हणजे कायद्यात आपण बसतच नाही ना?"

खरंय. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १५ मीटरहून उंच धरणं येतात. १० ते १५ मीटरमधली काही अटींवर, म्हणजे साठा १० लाख घनमीटर असेल तर वगैरे. मालकी खासगी असली तरी सुटका नाही, पण आमचा फारच बुटका.

माझं मात्र समाधान होईना. धोक्याचा वर्ग भिंत किती धड आहे यावर ठरत नाही. ती फुटली तर खाली कोण आहे यावर ठरतो. आजोबांच्या वेळी खाली भातखाचरं होती. आता ओढ्याकाठी दोन फार्महाउस आणि मुलांचा झोपाळा.

पायथ्याशी पाणी पाझरत होतं. मामांनी ते स्टीलच्या पेल्यात धरून उन्हात पाहिलं. नितळ! गढूळ असतं तर आतली माती वाहत होती असं समजायचं. पण सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत, घाणेरी माजलेली. सांडवा तुंबला की पाणी माथ्यावरून जातं आणि मातीची भिंत बघता बघता कापली जाते. पानशेतचं मातीचं धरण फुटलं तो १२ जुलै १९६१ पुणेकराला वेगळा सांगायला नको.

घाणेरी त्याच दिवशी काढली. भिंतीवरच्या उंबराची मुळंही पाण्याला आत वाट करून देतात, पण त्याला मामी हात लावू देत नाही.