कापशी अचानक कुरतडायला लागली तेव्हा

ससा कुरतडणारच, त्यात नवल नाही. पण हिवाळाभर गुणानं राहिलेला ससा मार्च संपता संपता एकदम घर पोखरायला लागला, तर त्याचं काहीतरी बदललेलं असतं. ते काय, हे बघितल्याशिवाय वायरींना नुसता टेप गुंडाळून भागत नाही. परभणीसारख्या गावात गाई-म्हशी, शेळ्यांबद्दल विचारायला शंभर माणसं भेटतात, सशाबद्दल सांगणारं मात्र चटकन कुणी सापडत नाही. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवते आहे.

मी घरीच शिवणकाम करते. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, त्याच्या शेजारी पिको-फॉलचं मशीन, मांडणीवर गिऱ्हाइकांचे कपडे आणि कोपऱ्यात चिंध्यांचं पोतं. कापशी डिसेंबरात आली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची असेल. पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची. तेव्हा गावाकडं कापसाची वेचणी चालू होती, म्हणून लेकीनं हे नाव ठेवलं. दिवसभर मशीनखाली पाय पसरून झोपायची, सकाळ-संध्याकाळ अंगणात पेरूखाली माती उकरायची. मशीनच्या आवाजाला कधी दचकली नाही. तिच्यामुळं माझ्या कामाचं कधी काही अडलं नाही.

आणि मग सुरू झालं. आधी चपलेचा पट्टा. मग कपाटाचा खालचा कोपरा. मग भिंतीचे पोपडे, कूलरच्या बाजूचं गवत, फोनचा चार्जर, आणि शेवटी शिलाई मशीनच्या पायाच्या स्विचची वायर. त्या वायरीचं वरचं काळं आवरण सोललेलं होतं आणि आत तांब्याची तार चमकत होती. प्लग काढलेला होता म्हणून कापशी वाचली. त्या रात्री मला झोप लागली नाही. वायर नवी आणता येते, पण भर कामात प्लग लावलेला असता तर?

गिऱ्हाइकाच्या एका ब्लाउजपीसचा कोपराही तिनं खाल्ला. कापड बेतताना बाहीचा भाग फिरवून घेतला, तेव्हा तो खाल्लेला कोपरा मुंढ्याच्या कतरणीत निघून गेला. तरी ताईंना आधी दाखवलं, मगच कात्री लावली. त्या समजूतदार निघाल्या. पण शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात कापड कुरतडणारा प्राणी आहे ही गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागत नाही, आणि मला ती काळजीही होतीच.

लोकांनी सल्ले भरपूर दिले. वायरींना तिखट लावा, कडुलिंबाचा रस फासा, नाकावर टिचकी मारा, दिवसभर पिंजऱ्यात कोंडा. एकानं तर नेलकटरनं दात कापा म्हणून सांगितलं. यातलं कडुलिंबाचं सोडलं तर बाकी काहीही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ससा सारखा पंज्यानं तोंड पुसतो, अंग चाटतो. पंज्याला लागलेलं तिखट डोळ्यात गेलं तर त्याचे काय हाल होतील? टिचकी मारल्यानं तो फक्त माणसाला भ्यायला लागतो. कोंडून ठेवलेला ससा पिंजऱ्याच्या गजांना चावत बसतो, त्यात दात मोडतात. आणि नेलकटरनं दात कापला तर तो उभा चिरतो, चीर मुळापर्यंत जाते आणि जबड्यात पू होतो. हे मला डॉक्टर मॅडमनी सांगितलं, आणि सांगताना त्या खरंच चिडल्या होत्या, कारण असे कापलेले दात घेऊन लोक येतात.

मॅडमकडं गेलो ते दात दाखवायलाच. मला वाटलं होतं दात वाढले असतील, ठणकत असतील. त्यांनी कापशीला टॉवेलात गुंडाळून वरचा ओठ हलकाच बाजूला केला आणि बॅटरीच्या उजेडात मला बघायला लावलं. पुढच्या दोन दातांच्या बरोबर मागं, तांदळाच्या कणीएवढे आणखी दोन दात. उंदराला हे नसतात. म्हणूनच ससा उंदीर-घुशींच्या कुळातला नाही, त्याचा गट वेगळा. एकूण दात 28, आणि सगळे आयुष्यभर वाढत राहणारे. पुढचे दात आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर वाढतात, म्हणजे झिजलेच नाहीत तर वर्षाला 10 सेंटिमीटरच्या पुढं.

मी विचारलं, मग लाकूड चावू द्यावं का? त्या म्हणाल्या, लाकूड चावल्यानं तिचा वेळ जाईल, पण दाढा झिजतात त्या गवतानं. ससा गवत चघळताना जबडा आडवा फिरवतो, दळल्यासारखा, आणि गवतातल्या चरबरीत कणांनी दाढा घासल्या जातात. पोळी, बिस्किट, गाजराचे तुकडे यांनी ते होत नाही. दाढा वाढल्या तर त्यांची टोकं जिभेला-गालाला टोचतात, लाळ गळते, हनुवटी ओली राहते, खाणं सुटतं. कापशीची हनुवटी कोरडी होती. दात उत्तम होते. मग हे सगळं कशासाठी, ते काही कळलं नाही. वजन करून, गवत वाढवा असं ऐकून आम्ही घरी आलो.

कोडं सोडवलं ते आत्याबाईंनी. त्या गावाकडून चार दिवसांसाठी आल्या होत्या. दुपारी मशीनशेजारी बसल्या असताना त्यांनी मला हाक मारली. कापशी चिंध्यांच्या पोत्यातून सुती पट्ट्या ओढून काढत होती. एकेक पट्टी तोंडात आडवी धरायची, मिशीसारखी दोन्हीकडं लोंबणारी, आणि पलंगाखाली पळायची. परत यायची, दुसरी उचलायची. आत्याबाई म्हणाल्या, "काहून खाती म्हणायलीस तिला? ती खायली नाही. घर करायलीय ती. गाभण दिसायलीय."

मी पलंगाखाली वाकून बघितलं. भिंतीला लागून चिंध्या, कूलरचं गवत, झाडूच्या काड्या, आणि त्या सगळ्यावर पांढऱ्या केसांचा मऊ थर. तिनं स्वतःच्या पोटाचे आणि गळ्याखालचे केस उपटून तिथं अंथरले होते. पोटाची गुलाबी कातडी दिसत होती. मला बघून ती अंग आक्रसून घुरघुरली. याआधी तिनं असा आवाज कधी काढला नव्हता.

पण गाभण असणार कशी? आमच्याकडं आल्यापासून तिनं दुसरा ससा बघितलेला नाही, आणि सशाच्या मादीला महिन्याभरात, 30-32 दिवसांत, पिल्लं होतात. मॅडमना फोन केला तर त्यांनी लगेच ओळखलं. ही खोटी गाभण आहे. सशाच्या मादीला गाईसारखा ठरावीक दिवसांनी माज येत नाही, संग झाला की मगच तिच्यात बीज सुटतं. पण कधीकधी नर नसतानाही, नुसतं पाठीवरून सारखा हात फिरवण्यानंसुद्धा, शरीराला तसं वाटतं, आणि पुढचे साधारण 16 ते 18 दिवस ते शरीर गाभण असल्यासारखं वागतं. शेवटी शेवटी घरटं बांधतं. कापशी आता सहा महिन्यांच्या घरात आली होती. चार ते सहा महिन्यांत सशाची मादी वयात येते. उकरणं, कुरतडणं, जागेवर हक्क सांगणं हे सगळं त्याच सुमाराला उसळून वर येतं.

मॅडमनी सांगितलं, घरटं मोडू नका. मोडलं तर ती पुन्हा केस उपटेल, पुन्हा बांधेल. फक्त चिंध्या आणि दोरे काढून घ्या आणि त्या जागी सुकं गवत द्या, कारण सशाला उलटी होत नाही. पोटात गेलेला दोरा तोंडावाटे परत येत नाही, तो आतड्यात अडकतो. ससा अर्धा दिवस काही खाईना, लेंड्या बारीक झाल्या किंवा थांबल्या, पोट टणक लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही, तडक दवाखाना गाठायचा. ही ओळ ज्यांच्या घरी ससा आहे त्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी इतकी महत्त्वाची आहे.

लेकीनं पलंगाखाली अर्धवट कापलेला खोका ठेवला, त्यात गवत भरलं. कापशीनं पहिल्यांदा खोक्याची कडच खाल्ली. मग आत गेली. काही दिवसांनी तिनं ते घरटं आपणहून सोडून दिलं आणि पोटावर केसही भरून आले. आता आम्ही तिचं कपाळ आणि कानामागं कुरवाळतो, पाठीवरून हात फिरवत बसत नाही.

पण घरटं सुटल्यावरही कुरतडणं निम्मंच कमी झालं. बाकीचं निम्मं ऊन होतं. आपल्याकडं एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, मे महिन्याचं तर बोलायलाच नको. सशाला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, तो कानांवाटे उष्णता बाहेर टाकतो. तीस अंशांच्या पुढं त्याला त्रास सुरू होतो. त्यामुळं कापशीचं अंगणात जाणं बंद झालं होतं, आणि अंगण बंद म्हणजे उकरणं बंद. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, जमिनीत बिळं करून राहणारे. आपल्या माळावरचा ससा निराळा, तो बीळ करत नाही, गवतात दबून बसतो, आणि कायद्यानं त्याला पकडताही येत नाही. कापशीच्या रक्तात बीळ आहे. बिळात आडवी आलेली मुळी तोडून वाट मोकळी करायची, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. जमिनीवर पडलेली वायर तिला मुळीसारखीच वाटत असणार, असं मला आता तिच्याकडं बघताना वाटतं.

म्हणून न्हाणीजवळच्या सावलीत एका जुन्या घमेल्यात माती भरून ठेवली आणि ती ओली ठेवतो. पहाटे पाचला आणि रात्री नऊनंतर ती अंगणात असते. दुपारी फरशीवर ओलं गोणपाट आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली. ओल्या घमेल्यात ती उकरते तेव्हा माती माझ्या साडीपर्यंत उडते, उडू दे.

चाऱ्याचं सांगायचं तर, दुकानात बाहेरदेशी गवताची छोटी पाकिटं मिळतात आणि त्यांच्या किमती परवडत नाहीत. आम्ही जिंतूरकडच्या माळाचं सुकं गवत आणतो, मारवेल मिळालं तर उत्तम. हरळी ताजी देतो. लसूणघास तिला प्राणाहून प्रिय, पण त्यात कॅल्शियम फार, मोठ्या सशाला रोज दिली तर लघवीला त्रास होतो, म्हणून अधूनमधून मूठभरच. ज्वारीच्या कोवळ्या चाऱ्यानं जनावरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे आपल्याकडं लहान पोरांनाही ठाऊक आहे, तो सशालाही देत नाही. कापसाच्या, सोयाबीनच्या बांधावरचं गवत कितीही हिरवंगार दिसलं तरी आणायचं नाही, फवारणी कुठवर उडालीय सांगता येत नाही.

चावायला काय द्यायचं याचं उत्तर माझ्या भावाच्या शेतात मिळालं. त्याच्याकडं रेशमासाठी तुती आहे. अळ्या चालू असताना तुतीवर फवारणी कुणी करत नाही, कारण आधी अळ्याच मरतील. म्हणजे औषधापासून दूर राहिलेला एवढा खात्रीचा पाला दुसरा कुठला? फक्त अळ्यांच्या शेडमधल्या उरलेल्या काड्या घ्यायच्या नाहीत, तिथं चुना आणि जंतुनाशकाची भुकटी टाकलेली असते. शेतातूनच ताज्या फांद्या कापून आणायच्या. कापशी आधी पानं खाते, मग साल लांब पट्टीसारखी सोलते, मग पांढरं लाकूड करकरत बसते. पेरूच्या काड्याही तिला आवडतात. कण्हेर, रुई, घाणेरी, एरंड ही झाडं मात्र अंगणात असली तर तिच्या तोंडापासून लांब ठेवा, ती विषारी आहेत.

वायरींसाठी ठिबकची जुनी नळी कामाला आली. 16 मिलिमीटरची लॅटरल उभी चिरली की वायर आत अलगद बसते. पायाच्या स्विचची वायर जमिनीवरूनच जाते, तिला इलेक्ट्रिशियनकडून कडक पाइपात घालून घेतली, कारण मऊ नळी तिनं मनावर घेतलं तर तासाभरात पार होईल. चिंध्यांचं पोतं आता माळ्यावर गेलंय. काम संपलं की बटण बंद करून न थांबता प्लगच काढायचा, हा घरातल्या सगळ्यांचा नियम आहे, आणि आत्याबाई आल्या की त्या तो सगळ्यांत कडक पाळतात.

कपाटाचा कोपरा तिनं सोडलेला नाही. त्यावर बांबूची पट्टी ठोकलीय, ती झिजली की दुसरी ठोकतो. मॅडम म्हणतात, गर्भाशय आणि अंडाशय काढण्याचं ऑपरेशन केलं तर ही खोटी गाभणं थांबतील, वयात आल्यावरचा हा जोरही बराच ओसरेल. शिवाय ऑपरेशन न केलेल्या माद्यांना वय वाढेल तसा गर्भाशयाचा कॅन्सर फार होतो, ते टळेल. ते ऐकल्यावर माझा निर्णय झाला. एवढ्या उन्हात भूल द्यायला त्या तयार नाहीत, पाऊस पडून हवा गार झाल्यावर या म्हणाल्यात. तोवर भावाकडून दर रविवारी तुतीचा भारा येतोय.