त्रास काहीच नव्हता

दादा दोन वर्षं कंबरदुखीवर तेल, शेक, पट्टा असं सगळं करत होता. शेवटी एमआरआय काढला तर कॅन्सर मणक्यात उतरलेला, आणि मूळ प्रोस्टेटमध्ये, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीत. त्याच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "सख्खे भाऊ ना तुम्ही? प्रोस्टेटची रक्ततपासणी, पीएसए, केलीत का?"

मी तेव्हा 59 वर्षांचा. लघवीची काडीची तक्रार नाही, रात्री एकदाही उठत नव्हतो. वडिलांना किंवा भावाला असेल तर धोका साधारण दुप्पट, असं त्यांनी सांगितलं. तरी मी 'गणपती होऊ देत' म्हणत दिवाळीपर्यंत ढकललं. ते दोन महिने अजून टोचतात.

रक्ताची साधी तपासणी, उपाशीपोटी जायचीही गरज नाही. आकडा आला 7.8. साधारण 4 पर्यंत ठीक धरतात. पण जंतुसंसर्गाने किंवा ग्रंथी नुसती वाढली तरी तो चढतो, म्हणून लघवी तपासून सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतलं. 8.1. मग गुदद्वारातून बोटाने तपासणी. हिच्या लाजेपायी किती पुरुष दवाखान्याची पायरी चढत नाहीत! अर्धं मिनिटही लागलं नाही. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला डाग दिसला. बायॉप्सीत प्रत्येक तुकडा घेताना 'टक्' असा आवाज येतो; मी डोळे मिटून बारा मोजले.

कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा ग्लीसन आकडा 3+4, म्हणजे मध्यम. ग्रंथीबाहेर गेलेला नव्हता. 3+3 असता तर कदाचित नुसती नजर ठेवून भागलं असतं. माझं ऑपरेशन ठरलं. लघवीवरचा ताबा आणि नवरा-बायकोचे संबंध, दोन्हींवर परिणाम होऊ शकतो, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून आधीच सांगितलं. झालाही. चार महिने पॅड वापरले, ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचे व्यायाम रोज केले.

ऑपरेशननंतर लघवीची नळी दहा दिवस होती. आल्यागेल्याला दिसू नये म्हणून हिने लघवीची पिशवी कापडी पिशवीत घालून दिली होती. दुसऱ्याच दिवशी मी ती कापडी पिशवी काढायला लावली. भेटायला येणारे बहुतेक पन्नाशीपुढचेच. प्रत्येकाला पिशवी दाखवून विचारलं, "तुमची पीएसए कधी केलीत?" त्यातले तिघे जाऊन करून आले.

माझा आकडा आता 0.1 च्या खाली आहे. दादाला हार्मोनची इंजेक्शनं चालू आहेत. त्याचा मुलगा श्रावणात 45 चा होईल. त्याला मीच लॅबमध्ये घेऊन जाणार आहे.