पानं शाबूत, कांदा गेलेला

जुलैच्या ऐन पावसात डिचोलीतल्या एका घरून निरोप आला: अमरिलिसच्या (कांद्यापासून वाढणारं फुलझाड) कुंड्या अळीने संपवल्या, नवे कांदे घेऊन या. अंगणात दोन रांगा होत्या. गडग्याकडच्या रांगेत पानं बुडापर्यंत खाल्लेली, आणि काळ्या अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेल्या अळ्या अजून तिथेच. पागोळ्यांखालच्या रांगेत पानं शाबूत, फक्त जरा लोळलेली. "ती टाकूया, ही ठेवूया," घरच्या काकींनी ठरवूनच टाकलं होतं.

कांदे उपटले तर उलटंच निघालं. अळीने खाल्लेले दगडासारखे टणक. शाबूत पानांचे मात्र बुडाच्या, मुळं फुटतात त्या चकतीशी दाबले की अंगठा आत जात होता, मुळं तपकिरी, कुजका वास. कांद्यातल्या साठ्यावर पान बरेच दिवस हिरवं राहतं, म्हणून वरून पत्ता लागत नाही. मुळं सडली की पान मलूल होतं, ते बघून माणूस आणखी पाणी घालतो. इथे तेवढेही कष्ट नव्हते, पागोळ्या होत्या. त्यात कांदे मानेपर्यंत गाडलेले, कुंडीत नुसतं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि खाली बशी. कोकोपीट मे महिन्यात उपयोगी, पण आपल्याकडच्या पावसात ते पाणी सोडतच नाही.

अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या. पानं संपली की अळी मानेतून कांद्यात शिरते, म्हणून यात दिरंगाई नको. वेचल्यावर लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोडा साबण घालून, संध्याकाळी फवारायचं.

सडलेल्यांपैकी चकती पुरती मऊ झालेले फेकले. बाकीच्यांचा सडका भाग पांढरं मांस लागेपर्यंत कापला, कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात (लिटरला २ ग्रॅम) अर्धा तास बुडवले आणि पंख्याखाली आठवडाभर सुकवले. पावसाळ्यात नुसती सावली पुरत नाही. मग दोन भाग तांबडी माती, एक भाग नदीची वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत; तळाला चिऱ्याचे तुकडे. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. कुंडी कांद्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटरच रुंद, आणि अर्धा कांदा मातीच्या वर. नवं पान दिसेपर्यंत पाणी जवळपास बंद.

डिसेंबरपासून पाणी तोडून विश्रांती दिली तर मार्च-एप्रिलात दांडा येतो. फूल गेलं की दांडा कापा, पानं नको. पुढच्या वर्षीचं फूल तीच तयार करतात.

काकींना ट्युलिपही हवे होते. ट्युलिपना बारा-चौदा आठवडे कडक थंडी लागते, तेव्हा पैसे वाचवा. निळी अमरिलिससुद्धा फोटोतच असते. पागोळ्यांखाली स्पायडर लिली लावायला सांगितली. तिला ओल चालते. कुंडी नको, थेट जमिनीत, दोन कांद्यांत हातभर अंतर ठेवून.