पोटातले कावळे

माझ्याकडे स्पीच थेरपीला येणारे पॅरालिसिसचे पेशंट बहुतेक उजवी बाजू गेलेले असतात. मेंदूचा डावा भाग उजवं अंग चालवतो आणि बहुतेकांची वाचाही तिथंच असते, त्यामुळे झटका तिथं बसला की हातापायांसोबत बोलणंही जातं. डावी बाजू गेलेला माणूस मात्र घडाघडा बोलत असतो. त्याला माझ्याकडे कोण कशाला धाडेल? तो व्यायाम शिकतो, काठी घेऊन चालायला लागतो आणि घरी जातो.

म्हणून औसा तालुक्यातले आबा डावा हात झोळीत अडकवून लातूरला माझ्या खोलीत आले, तेव्हा मला वाटलं, चिठ्ठी चुकली. झटक्याला अडीच महिने झाले होते. आवाज खणखणीत. चाळीस वर्षं गावच्या भजनी मंडळात भारुडं म्हणणारा माणूस.

"काय त्रास होतोय, आबा?"

"कायबी न्हाई."

मागं मावशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "म्याडम, मालकाचं बोलणं गेलं न्हाई. बोललेलं उमजंना झालंय."

मी तपासलं. खिडकी दाखवा, आधी पेन उचला मग कागद द्या, सगळं बिनचूक. मग वाक्प्रचार आणि म्हणींची यादी काढली. जिवाला घोर लागणे? "काळजी." हात दाखवून अवलक्षण? "आपणच आपली फजिती करून घ्यायची." पोटात कावळे ओरडणे? "भूक, दुसरं काय!" वीसपैकी एकोणीस बरोबर.

खरं तर या यादीवर माझा स्वतःचाच फारसा विश्वास उरलेला नव्हता. पूर्वी एका आजीला 'आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं' याचा अर्थ विचारला होता. त्या म्हणाल्या, "जात्यापाशी कुत्रं येऊच कसं दिलं घरच्यांनी?" मी 'शब्दशः अर्थ' असा शेरा मारून मोकळी झाले. आजी शाळेत गेलेल्या नव्हत्या, आणि म्हणीचा अर्थ सांगणं हा शाळेतला खेळ आहे. शिवाय त्यांचं उत्तर म्हणीपेक्षा पुढचं होतं, हे मला घरी जाताना बसमध्ये कळलं.

आबांच्या बाबतीत मात्र उलटं घडत होतं. मी रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहायला घेतलं, तशा मावशी पुढं सरकल्या.

"त्या पोपटपंचीवर जाऊ नका. विंचवाचं इचारा."

नाथांचं विंचवाचं भारूड. पैठणपासून नांदेडपर्यंत ते कुणाला ठाऊक नाही? विंचू म्हणजे काम-क्रोध आणि उतारा सत्त्वगुणाचा, हे आबांनी मला तिथंच सुरात समजावून दिलं. पण मावशींचं म्हणणं वेगळं होतं. आबांची ख्याती होती ती दरवर्षी नवा विंचू काढण्याबद्दल. एका वर्षी सावकार, एकदा मोबाईल, एकदा तर समोर बसलेले सरपंचच. परवाच्या एकादशीला भारूड झालं, एक शब्द चुकला नाही. मग पोरांनी नेहमीसारखं विचारलं, "आबा, यंदाचा विंचू कोण?" आबा दचकून उठले आणि एका हातानं सतरंजी झटकू लागले. पोरं हसली. मावशी हसल्या नाहीत.

मी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि चित्रांचे पत्ते काढले.

ही कल्पना माझी नव्हे. एलन विनर आणि हॉवर्ड गार्डनर यांनी 1977 मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात एक प्रयोग छापला होता. जड अंतःकरण या अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचाराला जुळणारं चित्र पेशंटनी निवडायचं. एका चित्रात रडणारा माणूस, दुसऱ्यात भलंमोठं लाल काळीज उचलून लटपटत चाललेला माणूस. डाव्या मेंदूला इजा झालेल्यांना अर्थ बोलून सांगता येईना, पण ते बोट बहुधा रडणाऱ्यावर ठेवत आणि दुसऱ्या चित्राला हसत. उजव्या मेंदूला इजा झालेले अर्थ नीट सांगत, तरी बरेचदा काळीज उचलणाऱ्याकडे बोट दाखवत आणि त्यांना त्यात गंमतही वाटत नसे. इंग्रजी वाक्प्रचार आपल्याकडे चालणार कसे? म्हणून मी एका चित्रकलेच्या सरांकडून आपले काढून घेतले होते. वापरायची वेळ क्वचितच आली होती.

'पोटात कावळे ओरडतायत.' चार पत्ते टेबलावर ओळीनं मांडले. रिकाम्या ताटापुढं बसलेला माणूस, झाडावरचे कावळे, ढेरपोट्या शेटजी, आणि पोटाच्या खिडकीतून चोची काढून कोकलणारे तीन कावळे. आबांनी कावळ्यांच्या पोटावर बोट ठेवलं.

मी खूश झाले, आणि लगेच खजील. रिकाम्या ताटाचा पत्ता आबांच्या अगदी डावीकडं होता. उजवा मेंदू दुखावला की डावीकडचं जग पुष्कळदा नजरेतून सुटतं; डोळा चांगला असतो, लक्षच तिकडं जात नाही. मावशींना विचारलं, जेवताना काही होतं का? "ताटातली डावीकडची भाजी तशीच ऱ्हाती. मला वाटायचं, आवडली न्हाई." म्हणजे माझी मांडणीच चुकली होती. मग पत्ते एकाखाली एक, आबांच्या उजव्या हाताशी लावले. एकेकावर बोट ठेवून नाव घ्यायला लावलं. चारही दिसत होते. पुन्हा विचारलं.

पुन्हा कावळेच.

"आबा, आत्ताच तर भूक म्हणालात."

"व्हय, भूकच. पण कावळे हितं हायत की." चेहऱ्यावर काही नाही. मावशी मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या, तीन चोचींना.

सहा वाक्प्रचार दाखवले. चार वेळा शब्दशः चित्र. अर्थ पाठ होता, जसं भारूड पाठ होतं. समोरच्या प्रसंगाला तो लावायची वेळ आली की हात रिकामा. घरी काय चालत असेल ते मला आता दिसू लागलं. मावशी वैतागून म्हणतात, "घरात काय पैशाचं झाड हाय?" आणि आबा गंभीरपणे "न्हाई" म्हणतात. सून टोमणा मारते, "लई लवकर उठलात!" आणि आबा खूश होतात. घरच्यांना वाटतं, म्हातारा मुद्दाम करतो.

'नॉर्मल' खोडलं. मावशींना बसवून सांगितलं की हे सोंग नाही, आजारच आहे. त्यांच्याशी सरळ बोला. टोमणा नको, आडून बोलणं नको. ताट थोडं उजवीकडं सरकवून द्या, आणि डावीकडं बघायची आठवण करत रहा. पंधरा दिवसांनी चित्रांवर काम सुरू करू.

मावशींनी ऐकून घेतलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि तोही मराठवाड्यातला. टोमण्याशिवाय त्यात उरणार काय?

"आडून बोलू नको, टोचून बोलू नको," त्या माझ्यावरच फणकारल्या. "मग काय, मुकी होऊ का?"

आबांनी मान वळवली. त्या डावीकडं बसल्या होत्या, तरी वळवली. उजव्या हातानं त्यांचं मनगट धरलं.

"मुकी नको होऊ," म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं.