जर्मन शिकताना इंग्रजी बाजूला ठेवली

इंदूरमधला माझा जर्मनचा वर्ग हिंदी-इंग्रजीतून चालायचा. ए-वन, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीच्या परीक्षेत 100 पैकी 60 गुण हवे होते. महिनाभरानं वहीत इंग्रजीऐवजी मराठी अर्थ लिहायला लागले, आणि अडलेलं बरंच सुटलं.

डेअर (पुल्लिंग), डी (स्त्रीलिंग), दास (नपुंसकलिंग) या तीन लिंगांपुढे हिंदीतून शिकणारे अडखळतात, कारण हिंदीत लिंगं दोनच. आपल्याला तो-ती-ते अंगवळणी पडलेलं असतं. मात्र आपलं लिंग तिकडे न्यायचं नाही. चमचा तो, जर्मन ल्योफेलही 'डेअर'. पण सुरी ती आणि जर्मन मेसर 'दास', सूर्य तर तिकडे चक्क स्त्रीलिंगी. म्हणून शब्द सुटा लिहायचाच नाही, आर्टिकल (म्हणजे डेअर, डी किंवा दास) आणि अनेकवचनासकट लिहायचा. 'उंग', 'हाइट', 'काइट' हे प्रत्यय स्त्रीलिंगी. लहानपणा दाखवणारा 'शेन' लागला की नपुंसकलिंग, म्हणून मेटशेन, म्हणजे मुलगी, 'दास'. इंग्रजीतून बघणाऱ्याला हे विचित्र वाटतं. वासरू, कोकरू, लेकरू म्हणणाऱ्यांना त्यात नवल कसलं?

मराठी हात देत नाही ती जागा वेगळी. 'सराफ्यात (इंदूरच्या सराफा बाजारात) चाललेय' आणि 'सराफ्यात उभी आहे', दोन्हीकडे आपलं 'त' तेच. जर्मनमध्ये बाजाराला जाताना 'आउफ डेन मार्क्ट', बाजारात असताना 'आउफ डेम मार्क्ट'. 'आउफ'सारखी अशी नऊ शब्दयोगी अव्ययं आहेत. 'हालचाल असेल तर डेन' हा वर्गातला नियम अर्धवट आहे आणि तोच घात करतो. नेहरू पार्कमध्ये पळतेय, हालचाल भरपूर, तरी 'इम पार्क' ('इम' म्हणजे 'इन डेम'), कारण मी पार्कातच आहे. बाहेरून आत पळत शिरले तरच 'इन डेन पार्क'. म्हणजे विचारायचं ते एवढंच: जागा बदलली का?

'वाइल', म्हणजे 'कारण', आला की क्रियापद शेवटी जातं: 'वाइल इश क्रांक बिन'. शब्दाला शब्द ठेवा: कारण मी आजारी आहे. इंग्रजीच्या सवयीनं 'बिन' मधे घुसतं आणि गुण जातात. 'तीन वर्षांपासून राहते' यालाही इंग्रजीत पूर्ण काळाचा खटाटोप लागतो. जर्मनमध्ये आपल्यासारखा साधा वर्तमानकाळ: 'इश वोने झाइट ड्राय यारेन इन इंदूर'.

आकडे ऐकून लिहिताना मात्र सावध. सत्तेचाळीसमध्ये आधी सात, मग चाळीस. जर्मन 'सीबेन-उन्ट-फीअरत्सिश' तसंच. गडबड होते ती नवाला. आपण एकोणऐंशी म्हणतो, कानात ऐंशी घोळत असतो. जर्मन म्हणतात 'नॉइन-उन्ट-झीपत्सिश', नऊ आणि सत्तर. मी 29 ते 89 हे सात आकडे रोज मोठ्यानं म्हणायचे. लिहिताना डावीकडे एका अंकाची जागा सोडून आधी एकक मांडायचे, मग दशक.