डाव्या हाताचं पिस्तूल

माझा मावसभाऊ लिस्बनला असतो. तीन वर्षांपूर्वी त्याने मला स्वतःचा एक व्हिडिओ पाठवला. कमरेला पिस्तूल, कानांवर मफ. टायमर वाजला की तो धावत सुटतो, आडोशामागून नेम धरतो, लोखंडी पाट्या पाडतो, मॅगझिन बदलतो, पुन्हा धावतो. हे प्रॅक्टिकल शूटिंग. १९७६ साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात त्याची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं आणि त्यावर निकाल लावायचा, एवढा साधा हिशेब. तो व्हिडिओ मी त्या रात्री किती वेळा पाहिला ते आठवत नाही. त्याला फोन करून विचारलं, "परवडणारं पिस्तूल कोणतं रे?" त्याने सीझेड शॅडो २ पासून सुरुवात करून पाच-सहा नावं सांगितली. मी ती वहीत उतरवून घेतली.

ती वही बंद करायला आठवडासुद्धा लागला नाही. ही सगळी पिस्तुलं ९ मिलिमीटरची, आणि ९ मिलिमीटर आपल्याकडे सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं माप. परवाना म्हणजे काय प्रकरण असतं ते मला घरातूनच ठाऊक आहे. आमच्या काजूच्या बागेत रानडुकरं उतरतात, त्यासाठी आजोबांच्या काळापासून घरात लायसनची बंदूक आहे. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस स्टेशनवर जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची. त्यामुळे खेळासाठी पिस्तूल घ्यायचं तर कायद्याच्या सरळ वाटेनेच, हे ठरलेलं होतं.

ती सरळ वाट म्हणजे १० मीटर एअर पिस्तूल. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर, म्हणजे पॉइंट एकशे सत्त्याहत्तर बोअरच्या आणि २० जूलच्या आतल्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलातून अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने सुटतो. गणित मांडलं तर साडेपाच-सहा जूल होतात. पळापळ नाही, पाट्या पडत नाहीत. एका जागी उभं राहून एका हाताने ७५ मिनिटांत ६० शॉट. मध्यभागी १० चं वर्तुळ असतं ते फक्त साडेअकरा मिलिमीटरचं. सुरुवातीला मला हे दुय्यम वाटलं होतं. पहिल्या दिवशी रेंजवर वीस शॉट मारले आणि ते मत तिथेच सोडून आले.

मी गोव्यातल्या डिचोलीत एका पतसंस्थेत काम करते, आणि मी डावखुरी आहे. ही दुसरी गोष्ट पुढे सगळ्यात महागात पडली.

रेंजचं पिस्तूल सगळ्यांसाठी एकच, ग्रिप म्हणजे मूठ उजव्या हाताची. त्यावर डावा हात बसवणं म्हणजे उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात घालणं. तीन महिने तशीच शिकले. मग आमच्या सरांनी, वय सत्तरीच्या आसपास, एके दिवशी मला थांबवलं. त्यांनी रेंजचं ते जुनं पिस्तूल शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, घट्ट आवळलं आणि पाच छर्रे मारले. कार्डावर भोक एकच, काठ जरासे कुरतडलेले. मग माझा हात आपल्या हातात घेऊन तळवा, अंगठ्याचं मूळ, तर्जनीचं पेर सगळं निरखून पाहिलं. म्हणाले, "बाय, पयलीं हात, मागीर पिस्तूल." आधी हात, मग पिस्तूल.

पिस्तूल निवडताना मी शिकले त्यातलं निम्मं त्या शेगड्यापाशी शिकले. स्पर्धेचं साधं, जुनं पिस्तूलसुद्धा आपल्यापेक्षा नेमकं असतं. नळीच्या अचूकतेसाठी जास्तीचे पैसे ओतायची गरज नसते. पैसे जातात ते ट्रिगर, ग्रिप, तोल आणि हवेच्या सोयीवर. तेही सगळे एकाच वेळी घालावे लागत नाहीत.

माझी मर्यादा एक लाखाची होती, एक मुदतठेव मोडून. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाउ ही नावं रेंजवर सगळ्यांच्या तोंडी असतात. नव्याचा मला मिळालेला भाव माझ्या मर्यादेच्या दुपटीच्या वर होता. राष्ट्रीय स्पर्धेत पात्रतेचे गुण मिळवलेल्यांना 'रिनाउन्ड शॉट' म्हणून आयातीत सवलती असतात, पण मी तिथपर्यंत पोहोचलेली नव्हते. म्हणून आधी स्वस्तातले पर्याय पाहिले.

पहिला सीओटूचा. दिसायला छान, किमतीने हलका. पण कार्बन डायऑक्साइडचा दाब तापमानाबरोबर चढतो: २० अंशांना साधारण ५७ बार, ३० अंशांना ७० च्या वर, आणि ३१ अंशांपुढे तो द्रवरूपात राहतच नाही. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे पत्र्याच्या छपराखाली दुपारी काय होतं ते सांगायला नको. सकाळी बसवलेली साईट, म्हणजे नेम धरायची खूण, दुपारी खोटी ठरते. सोडून दिलं.

दुसरं रशियन बायकाल, इझ-४६एम. याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. खाली एक लांब दांडा, दर शॉटला तो एकदा उघडून मिटायचा, की तेवढ्या शॉटपुरती हवा दाबली जाते. सिलिंडर नाही, पंप नाही, सीलं सोडली तर बिघडण्यासारखं फारसं काही नाही. रेंजवरच्या एका काकांनी त्यांचं मला दोन आठवडे वापरायला दिलं. शॉट सुंदर जात. पण पिस्तूल पुढून जड, आणि साठ शॉट म्हणजे साठ वेळा दांडा, साईटिंगचे, म्हणजे आधी नेम बसवायचे, वेगळे. चाळिसाव्या शॉटनंतर माझं मनगट थरथरायला लागायचं. दंडात ताकद असलेल्याने, बजेट कमी असेल तर, जरूर विचार करावा असं मी आजही सांगते.

मग वापरलेलं पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच भरलेल्या हवेवर चालणारं. पहिला व्यवहार फसला. परराज्यातल्या एकाने फोटो पाठवले, पिस्तूल नव्यासारखं चकचकीत. मी पाच हजार विसार पाठवला. मग सरांनी विचारलं, सिलिंडरवरची तारीख पाहिलीस का? सिलिंडरवर उत्पादनाची तारीख कोरलेली असते, आणि दहा वर्षं उलटलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. २०० बार दाबाची नळी चेहऱ्यापासून हातभर अंतरावर धरायची असते, तेव्हा हा नियम कागदी नाही. तारखेचा फोटो मागितला तर आधी टाळाटाळ, मग अस्पष्ट फोटो, मग फोन बंद. पाच हजार गेले. त्याच्या कितीतरी पट जास्त वाईट वाटलं ते या गोष्टीचं की माणूस माझ्याशी खेळाच्या गप्पा मारत होता, माझे स्कोअर विचारत होता.

दुसरं सापडलं कोल्हापुरात. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे यांचा जिल्हा. तिथे घरोघर नाही, तरी गल्लोगल्ली कुणीतरी नेमबाज निघतो. एका मुलीने लग्नानंतर खेळ थांबवला होता आणि तिचं स्टायर एलपी १० विकायचं होतं. मी पहाटेची बस पकडून गेले. तिच्या आईने आधी जेवायला वाढलं, मग पिस्तूल दाखवलं.

या वेळी मी सरांनी लिहून दिलेला कागद घेऊन गेले होते. सिलिंडर दोन, एकाची मुदत संपत आलेली, दुसऱ्याची पाच वर्षं बाकी. सिलिंडर बसवून दाबाचा आकडा पाहिला आणि दोन तास तसंच ठेवलं. काटा हलला नाही, म्हणजे हवा अडवणारी ओ-रिंग शाबूत. ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन टांगून उचललं, ट्रिगर सुटला नाही. ट्रिगर मेकॅनिकल होता, आणि ते मला हवंच होतं. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर उत्तम असतात, पण आमच्याकडच्या दमट हवेत, जवळपास दुरुस्तीची सोय नसताना, माझा जीव त्यात रमला नसता. टोकियो ऑलिंपिकमध्ये नेमबाज मनू भाकरचे स्पर्धेतले मोलाचे मिनिट पिस्तुलाच्या बिघाडात गेले ते मी टीव्हीवर पाहिलं होतं. त्याच मनूने २०२४ ला पॅरिसमध्ये दोन कांस्यपदकं घेतली तेव्हा मी पतसंस्थेत काउंटरवरच रडले.

शेवटी वीस ड्राय फायर. छर्रा नाही, पांढऱ्या भिंतीकडे नेम, ट्रिगर सुटताना पुढची साईट हलते का एवढंच पाहायचं. उजव्या हाताच्या ग्रिपवर डावा हात, तरीही ती साईट वीसपैकी बारा वेळा जागची हलली नाही. रेंजच्या पिस्तुलावर मला हे तीन-चार वेळाच जमायचं. ऐंशी हजारांना व्यवहार झाला. मूळ बिल, चिठ्ठीवर दोघींच्या सह्या आणि ओळखपत्रांच्या प्रती घेतल्या. निघताना ती मुलगी म्हणाली, "ताई, पुसून ठेवत जा हं." एवढंच. मला तिच्याकडे बघवेना.

आता ग्रिप. डाव्या हाताची नवी विदेशी ग्रिप मागवायला उरलेले सगळे पैसे गेले असते. मग आमच्या गावातले मेस्त, म्हणजे सुतार, आठवले. देवळाच्या पालखीचं, मखराचं काम करणारे. त्यांनी पिस्तूल हातात घेऊन आधी त्याची ग्रिप कुठल्या लाकडाची आहे ते हुंगून पाहिलं. "हें आक्रोड," म्हणाले. मग मला गणपतीच्या चित्रशाळेतून चिकणमाती आणायला सांगितली. मातीचा गोळा पिस्तुलाच्या सांगाड्याभोवती लावून मी नेम धरल्यासारखा हात दाबून धरला, पाच मिनिटं, डोळे मिटून. मग डोळे उघडले तेव्हा साईट सरळ रेषेत होत्या का ते पाहिलं. नव्हत्या. माती पुन्हा मळली. सहाव्या वेळी डोळे उघडले आणि पुढची साईट मागच्या खाचेत बरोबर मध्ये उभी होती. ग्रिप बरोबर असल्याची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही: डोळे मिटून हात उचला, उघडा, साईट जुळलेल्या हव्यात. मनगट वळवून जुळवावं लागत असेल तर साठाव्या शॉटपर्यंत ते मनगट साथ देत नाही.

मेस्तांनी त्या मातीवरून शिवणीच्या लाकडात ग्रिप कोरली. शिवण हलकी, तासायला मऊ, आणि पावसाळ्यात फारशी फुगत नाही असं त्यांचं म्हणणं. मी तळव्याच्या खालचा आधार चांगला रुंद करून घेतला आणि खूश होऊन सरांना दाखवला. सरांनी पत्र्याची पेटी काढली. स्पर्धेत पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलंच पाहिजे. माझं ५४ निघालं. शिवाय तो आधार वर वळलेला चालत नाही आणि ग्रिपचा कुठलाही भाग मनगटाला टेकता कामा नये. चार मिलिमीटर तासायला मेस्तांना दोन दिवस लागले, कारण ते एका वेळी कागदाएवढं लाकूड काढत आणि मला हात लावून बघायला सांगत. मजुरी त्यांनी बाराशे घेतली. मी जास्त देऊ लागले तर रागावले.

राहिली हवा. याबद्दल मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पिस्तुलाचं सिलिंडर २०० बारला भरलं की माझे दीडशेच्या वर शॉट होतात. पण भरायचं कुठे? आमच्याकडे समुद्रात बुड्या मारायला नेणारी दुकानं आहेत, त्यांच्याकडे कॉम्प्रेसर असतो आणि त्यांच्या टाक्याही २०० बारच्याच. मी एक वापरलेली स्कूबाची टाकी आणि पिस्तुलाच्या सिलिंडरला जोडणारा अडॅप्टर घेतला. अडॅप्टर घेताना आटे कोणत्या कंपनीचे ते बघावं लागतं, सगळ्यांचे सारखे नसतात. टाकी उतरत उतरत १५० वर आली की पिस्तूलही १५० पर्यंतच भरतं, त्यामुळे पहिले काही महिने सोन्यासारखे जातात आणि मग फेऱ्या वाढतात.

जूनमध्ये ती दुकानं बंद झाली. समुद्र खवळलेला, बुड्या बंद, कॉम्प्रेसर झाकून ठेवलेला. थेट ऑक्टोबरपर्यंत. सराव थांबवणं शक्य नव्हतं म्हणून हातपंप घेतला. पावसाळ्यातली आमची हवा म्हणजे निम्मं पाणीच. ती २०० बारला दाबली की पाणी सिलिंडरच्या आत सुटतं. पंपाला ओल शोषणारी डबी असलेलाच घ्यावा, त्यातले दाणे रंग बदलले की बदलावेत, आणि पन्नास-साठ दांड्यांनंतर थांबून पंप गार होऊ द्यावा. मी हे न चुकता करते. सराव झाला की नळी पुसते, तेलाचा पातळ हात फिरवते, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवते. छर्रे शिशाचे, म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय काही खात नाही. रेंजवर लहान मुलांनाही हेच सांगते.

सगळं मिळून ब्याण्णव हजार आठशे झाले, बुडालेले पाच हजार सोडून.

रेंजच्या पिस्तुलावर माझा सर्वांत चांगला स्कोअर ६०० पैकी ५०४ होता. नोव्हेंबरात आमच्याकडे एक छोटी स्पर्धा झाली. तपासणीच्या टेबलावर पेटीत पिस्तूल अलगद बसलं, वजन उचललं गेलं, सिलिंडरची तारीख वाचली गेली. पंचांनी ग्रिपवर बोट फिरवून विचारलं, ही कुठून मागवलीत? मी गावाचं नाव सांगितलं. त्या दिवशी ५३१ झाले. शेवटच्या दहा शॉटची सिरीज ९१ ची होती, म्हणजे मनगट थकलं नव्हतं.

त्या दिवशीचं कार्ड मेस्तांकडे नेऊन दिलं. त्यांनी ते उजेडाकडे धरून भोकं मोजली आणि विचारलं, डावीकडे खाली दोन गेली ती का? मी म्हटलं, अंगठ्याच्या मुळाशी अजून जरा दाब येतो. त्यांनी लगेच कानस हातात घेतली.