ऑइल गळतंय म्हणून आलेली गाडी

गाडी आली ती ऑइल गळतंय म्हणून. २५० सीसीची चारस्ट्रोक मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत पळवायची. पुढच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या, मागून ऑइल निघून इंजिनच्या केसवर उतरलेलं आणि त्यावर तांबड्या मातीचा बोटभर थर. आधी दोन गॅरेजांत सील, म्हणजे शाफ्टभोवती ऑइल अडवणारी रिंग, बदलून झालं होतं. गाडीवाला पोरगा म्हणाला, "काका, चांगलं सीलच मिळंना झालंय. तेवढं ओरिजनल घाला. आणि चेन पण खराब वाटतीया, जाताना एक हलकी रेसची टाका."

दोनदा बदलूनही सील टिकत नसेल तर शाफ्टकडे बघायचं असतं. स्प्रॉकेटवरचं कव्हर काढून आउटपुट शाफ्ट, म्हणजे ते स्प्रॉकेट ज्यावर बसतं तो दांडा, हातानं वर-खाली हलवून बघायला दोन मिनिटं लागतात. आपल्याकडे ती दोन मिनिटं कुणी देत नाही, सील मात्र लगेच बदलून देतात. शाफ्टला हाताला जाणवेल इतका प्ले, म्हणजे सैलपणा, होता. म्हणजे त्याला कुणीतरी सतत ओढत होतं, आणि त्या शाफ्टला ओढणारी गोष्ट एकच, चेन.

गाडी स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. चेन बोटानं दाबली तर जेमतेम २५ मिमी हलली. रोजच्या १०० सीसीच्या गाडीला हे माप बरोबर आहे, म्हणून कुणाला शंका आली नसणार. मोटोक्रॉसच्या मागच्या सस्पेन्शनचा प्रवास मात्र ३०० मिमीच्या आसपास असतो. पुढचं स्प्रॉकेट आणि स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट, म्हणजे तो ज्यावर हलतो तो बोल्ट, एकाच जागी नसल्यामुळे चाक वर-खाली होताना स्प्रॉकेट आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर बदलत राहतं. स्प्रॉकेट, पिव्होट आणि अ‍ॅक्सल एका रेषेत आले की ते सगळ्यात जास्त. चेनचा ताण त्या जागी बघायचा. म्हणूनच या वर्गातल्या कित्येक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये स्टँडवर ५० ते ६० मिमी ढील सांगितलेली असते, आणि नवख्याला ती चेन लोंबतेय असं वाटतं. मी शॉकचा खालचा बोल्ट काढून चाक हातानं उचललं. तिन्ही रेषेत यायच्या आतच चेन ताठ झाली, चाक पुढे उचलेना. पोराला तिथंच उभं करून दाखवलं. प्रत्येक उडीनंतर गाडी जमिनीवर आदळताना हा ताण थेट शाफ्टच्या बेअरिंगवर जायचा. बेअरिंग सैल, शाफ्ट डुलणार, सीलची कड झिजणार. मग सील कुठल्याही कंपनीचं असो.

चेन खराब वाटते हे त्याचं म्हणणं खरं होतं. चेन ताणून २० कड्या, म्हणजे २१ पिना, पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजायच्या. ५२० नंबरच्या नव्या चेनला हे माप ३१७.५ मिमी येतं आणि बऱ्याच मॅन्युअलमध्ये ३२३ ला ती काढून टाकायला सांगतात. हिची एका जागी ३२१, दुसऱ्या जागी ३२५. चेन लांबते म्हणतात खरं, पण प्लेटी ताणलेल्या नसतात, आतली पिन आणि बुश झिजलेली असते. पुढच्या १३ दात्यांच्या स्प्रॉकेटचे दाते एका बाजूला कलून हुकासारखे झाले होते. मागच्या ५० दात्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढली तर अर्धा दाता उघडा पडत होता. अशा स्प्रॉकेटवर नवी चेन चढवणं म्हणजे नवी चेन मारणं. तिन्ही एकत्रच बदलायची. सायलेन्सरवर पैसे घालणारी पोरं इथंच हात आखडतात, याचा मला खरंच राग येतो.

आता चेन कुठली. नंबर आधी समजून घ्या. ५२० मधला ५ म्हणजे पिच, पाच-अष्टमांश इंच, १५.८७५ मिमी. ४२८ चं पिच १२.७, ती या स्प्रॉकेटवर बसणारच नाही. धोका ५२५ चा आहे. पिच तेच, त्यामुळे ती चढते, फिरते, आणि दुकानदार बिनधास्त देतो. पण तिची आतली रुंदी ७.९४ मिमी, ५२० ची ६.३५. दीड मिमी जास्त मोकळी चेन दात्यांवर डुलत राहते आणि गाइड, म्हणजे चेनला सरळ ठेवणारा ठोकळा, खाते.

पोराला हलकी, बिनसीलची रेसची चेन हवी होती. आमच्याकडचा मेकॅनिकही त्याच बाजूचा. दर मोटोनंतर, म्हणजे रेसच्या दर फेरीनंतर, साफ करणाऱ्या आणि हंगामात दोन-तीन चेन टाकणाऱ्या रेसरसाठी ती बरोबर आहे, कारण ती हलकी फिरते. हा मात्र महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी ट्रॅकवर आणि बाकी सगळे रविवार पन्हाळा, गगनबावड्याच्या वाटांवर. आपल्याकडची तांबडी माती पावसात चिकट आणि उन्हाळ्यात पिठासारखी बारीक. ती चेनच्या ऑइलात मिसळली की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत धातू घासायला वापरतात ती लॅपिंग पेस्टच तयार होते, आणि बिनसीलच्या चेनमध्ये ती थेट पिन आणि बुशच्या मध्ये जाते. सीलच्या चेनमध्ये तिथं कारखान्यातच ग्रीस भरून दोन्ही बाजूंनी रिंग बसवलेली असते. त्यातही एक्स-रिंग, म्हणजे X आकाराच्या कापाची रिंग असलेली, घ्यावी. ओ-रिंगपेक्षा तिचं घर्षण कमी असतं. "तोडायला किती टन लागतात" हा प्रश्न पोरं हमखास विचारतात. चांगल्या ५२० चेनचा तो आकडा साडेतीन-चार टनांचा असतो, आणि २५० सीसीची चेन त्या भारानं कधी तुटत नाही. ती झिजून जाते, नाहीतर दोन टोकं जोडणारं लॉक निघून जातं. म्हणून टनापेक्षा बुश सलग आहे की पत्रा गुंडाळून केलेला आहे ते विचारा. स्वस्त चेनचा खेळ तिथंच असतो, आणि वरून रोलर असल्यामुळे तो दिसत नाही.

सीलची चेन थोडी रुंद असते, म्हणून केस आणि गाइडमध्ये जागा आहे का हे आधी चेन नुसती घालून पाहिलं. १३-५० ला ११४ कड्या. मागे एक दाता वाढवला की अ‍ॅक्सल चार मिमीहून जरा जास्त पुढे सरकतो, हे धरून अ‍ॅडजस्टर मधल्या जागी राहील असं बघितलं. मागचं स्प्रॉकेट या वेळी स्टीलचं घेतलं. वजन वाढलं, पण वाटांवर ते खूप जास्त चालेल. रिव्हेटचं लॉक जास्त भरवशाचं, पण हा ट्रॅकसाठी मागचं स्प्रॉकेट बदलतो, म्हणून प्रेस-फिट क्लिपचं घेतलं. क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला, म्हणजे वरच्या बाजूला असताना पुढे. त्यावर सिलिकॉनचा ठिपका. लॉकमधल्या चारही रिंगा ग्रीस लावून घातल्या. रिंगा डब्यातच राहून गेलेल्या चेन मी पाहिल्या आहेत. चाक सरळ करताना स्विंगआर्मवरच्या खुणांवर न जाता पिव्होटपासून अ‍ॅक्सलपर्यंत दोन्हीकडून माप घेतलं.

त्याला एवढंच बजावलं: धुताना प्रेशरची नळी चेनवर धरू नको, पेट्रोल आणि तारेचा ब्रश तर अजिबात नको. रॉकेल आणि मऊ ब्रश, पुसून मग ल्यूब. पहिल्या राइडनंतर ढील परत मोज.

शाफ्टच्या बेअरिंगसाठी इंजिन उघडावं लागेल, आणि त्याला तो तयार झाला नाही. नवं सील आणि सैल चेनवर ते किती दिवस धरेल याचा अंदाज मला अजून लागत नाही. निदान गिअर ऑइलमध्ये धातूची चमक दिसायला लागली तर गाडी तिथंच बंद कर, एवढं मी बिलावर लिहून दिलंय.